सारसाचं सोंग

शकुनमावशी माझ्या रक्ताच्या नात्यातली नव्हे. सानगडीत आमच्या घराला लागून तिचं घर, मधे फक्त कामट्यांचा एक कूड. माझी आई बेबीबाई आणि ती, दोघींचं इतकं जमायचं की भाजीची वाटी त्या कुडावरून दिवसभर इकडून तिकडे फिरत असे. आई तिला बहीण म्हणायची, म्हणून ती माझी मावशी.

ती मुखवटे करायची. आमच्याकडे मुखवट्याला सोंगच म्हणतात. तिचं माहेर लाखांदुराकडचं. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, त्या खेळासाठी तिचे वडील सोंगं बनवत. राक्षस, वाघ, हरणं, देव. ओली सोंगं माळ्याच्या लाकडांना टांगून वाळत घातलेली असत आणि लहानपणी ती त्यांच्याखाली झोपे. वारा सुटला की वरचे चेहरे हळूहळू एकमेकांकडे वळत. ती सांगायची, "मले वाटे, ते माह्याच गोष्टी करून राहिले." तिला भीती अशी कधी वाटलीच नाही. उलट लग्न होऊन सानगडीला आली तेव्हा पहिले काही दिवस वर नुसती छपराची कवेलू पाहून तिला झोप येईना.

कोणी सोंग मागायला आलं की ती लगेच हो म्हणत नसे. "पयले दिसू द्या," म्हणे. दुपारी जेवण झाल्यावर ओसरीवर पदर डोक्याखाली घेऊन पडायची. डोळे मिटलेले, पण झोप लागली की नाही हे सांगता येऊ नये अशी. आणि मग एखाद्या दुपारी उठून, कोणाशी न बोलता, टोपली घेऊन तलावाकडे माती आणायला निघायची. आई म्हणायची, "दिसलं वाट्टे शकुनले."

तिचा नवरा भोजराज. धानाची थोडी शेती, आणि मंडईच्या दिवसांत दंडारीत राक्षसाचं काम. एरवी तो इतका हळू बोलायचा की बैलालाही दोनदा सांगावं लागे. मुखवटा चढवला की त्याच्या गळ्यातून असा आवाज निघे की समोरची लेकरं आयांच्या कुशीत शिरत. बायकांनी मात्र दंडारीत उभं राहायचं नाही. बाईचं काम पुरुषच लुगडं नेसून करायचे. शकुनमावशीनं बनवलेले चेहरे साऱ्या तालुक्यात नाचून यायचे, ती स्वतः बायकांच्या घोळक्यात मागे बसून बघायची.

त्र्याहत्तर सालच्या कार्तिकात सानगडीच्या तलावावर सिनेमावाले आले. एक जीप, एक ट्रक, आणि ट्रकमधून उतरलेल्या लोखंडी पेट्या. दिग्दर्शक आनंदराव नागपूरचे. त्यांच्या सिनेमाची गोष्ट एका नव्या नवरीची होती. तिचा नवरा धुक्यात वाट चुकून हरवतो, ती त्याची वाट बघत तलावाकाठी उभी राहते, आणि उभी राहून राहून शेवटी सारस होते. सारसाचं जोडपं कसं असतं हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. धानाच्या बांध्यांत, पाणी साचलेल्या वाफ्यांत, ते बाईएवढे उंच पक्षी दोघं दोघंच फिरतात. एकानं मान वर करून हाक दिली की दुसरं त्याच दमात उत्तर देतं.

नवरीचं काम करणारी सत्यवती फार देखणी होती, आणि फार बारीक. तिच्यासाठी कोल्हापुराहून सारसाचा पोशाख आणला होता. कपडेपट सांभाळणारे मधुकरराव तो पोशाख पेटीतून काढताना एखादं आजारी माणूस उचलावं तसा उचलायचे. खरी पिसं रंगवून, एकेक टाचून केलेला. पण आमच्याकडचं कार्तिकातलं दव त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्याच सकाळी सत्यवती बांधीत चार पावलं चालली आणि पिसं भिजून अंगाला चिकटली. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जमलेलं गाव हसलं. सत्यवती रडायला लागली. मधुकररावांनी तो पोशाख काढून घेतला आणि उन्हात पसरून त्याच्याजवळ बसून राहिले.

त्यांना पाणी द्यायला भोजराजकाका गेला. बोलता बोलता म्हणाला, "माही बायको सोंगं करते जी. या पाहाले."

मधुकरराव आले. ओसरीवरच्या खुंटीला लटकलेला राक्षस त्यांनी खाली घेतला, आतून पाहिला, वास घेतला. "चिंचोक्याची खळ?"

"हो जी," मावशी म्हणाली.

"आमच्यात मेथी घालत्यात. किडा लागत न्हाई." मग म्हणाले, "सारस कराल का, बाई?"

यावेळी मावशीनं दिसण्याची वाट पाहिली नाही. सिनेमावाल्यांना घाई होती, आणि तिलाही हुरूप आला होता. तिनं तलावाची माती मळली, सारसाच्या डोक्याचा साचा केला, त्यावर कागदाचे थर चढवले. कुंकवासारखा लाल रंग, मोठे काळे-पांढरे डोळे. तलावाच्या पारीवरून, त्या उंच बांधावरून, लांबून पाहिलं तर काय सुंदर दिसत होतं ते! आनंदरावांनी टाळी वाजवली. मधुकरराव मात्र पुढे आले. त्यांनी मावशीला कॅमेऱ्यामागच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "इथनं बघा."

मावशीनं काचेला डोळा लावला. मुखवटा एकदम तोंडासमोर आला. रंगाचे फराटे, कागदाची सुरकुती, चोचीच्या कडेला राहिलेलं तिच्या अंगठ्याचा ठसा, सगळं उघडं पडलं होतं. ती मागे सरली.

"हे तं माह्या हाताचे डाग दिसून राहिले."

"दंडारीला माणूस लांब बसतंय बाई," मधुकरराव म्हणाले, "ह्यो डोळा मांडीवर येऊन बसतोय. तुमचंबी चुकलं न्हाई, माझंबी चुकलं न्हाई. आता दोघं मिळून करूया."

त्यानंतर मावशी रोज पहाटे बांध्यांकडे जाऊ लागली. धुक्यात काही दिसायचं नाही, फक्त आवाज. मग धुकं गुडघ्याएवढं खाली यायचं आणि त्यावर दोन राखाडी पाठी तरंगताना दिसायच्या. ती धुऱ्यावर बसून असे. सारस चालताना पाय कसा आधी मिटतो आणि मग पाण्यात उघडतो, डोक्याचा लाल रंग कुंकवाचा नसून वाळलेल्या जखमेसारखा कसा खरबरीत आहे, मान वळवायच्या आधी तो कसा एक क्षण थांबतो, जणू कोणीतरी हाक मारल्यासारखा. घरी आली की ती तशीच थांबून थांबून चालायची. आई हसायची. काका हसत नसे.

एका दुपारी ती उठली. काकानं विचारलं, "दिसलं का?"

"पाठ दिसली," ती म्हणाली. "पाण्यात उभी आहे एक बाई. तोंड नाई दाखवलं."

आणि तिनं पाठीपासूनच सुरुवात केली. मोहाडीकडच्या कोष्ट्यांकडून कोशाच्या रेशमी कापडाचे उरलेले तुकडे आणवले. हिरड्याच्या पाण्यात गंजलेलं लोखंड टाकून त्या पाण्यात ते बुडवले, तेव्हा पहाटेच्या आभाळाचा रंग आला. तुकड्यांच्या कडा उसवून, दोरे मोकळे करून, तिनं ते एकावर एक शिवले. मधुकररावांनी आतून बांबूच्या कामट्यांचा हलका सांगाडा केला आणि खालच्या काठात बारीक वाळू भरली, वाऱ्यानं पोशाख उडू नये म्हणून. दोघं ओसरीवर समोरासमोर बसून शिवायचे. मुखवटा सर्वांत शेवटी झाला. डोळे यावेळी रंगवले नाहीत. दोन फटी ठेवल्या, म्हणजे आतल्या बाईचे डोळे दिसतील. डोक्याला लाखेचा लाल रंग, त्यात राख मिसळून.

सत्यवतीनं तो पोशाख घातला तेव्हा माझी आई धुऱ्यावर होती. ती अजून सांगते, "बाई दिसत नव्हती, पाखरू दिसत नव्हतं, काय दिसत होतं सांगता नाई येत." दवाचे थेंब कोशावर मण्यांसारखे बसले, आत शिरले नाहीत. सत्यवती पाण्यातून चालली, थांबली, मान वळवली. आणि पलीकडच्या बांधीतून खऱ्या सारसांनी हाक दिली. दोघांनी, एका दमात. ते चालत चालत अगदी जवळ आले. कोणी हललं नाही. सत्यवतीही नाही. ते तिच्याकडे पाहत उभे राहिले, मग सावकाश वळले आणि धुक्यात गेले.

आनंदरावांनी कॅमेऱ्यावरच्या माणसाकडे पाहिलं. तो म्हणाला, "रीळ मघाशीच संपलं, साहेब."

कोणी रागावलं नाही. त्या दिवशी मग पुढचं काही काम झालंच नाही. सगळे उन्हात बसून चहा प्यायले.

आणखी थोडं शूटिंग झालं आणि नागपुराहून बातमी आली की सिनेमाला पैसा लावणारे शेठजी वारले. त्यांच्या मुलांना सिनेमात रस नव्हता. पेट्या पुन्हा ट्रकात चढल्या. जाताना मधुकरराव सारसाचा पोशाख घेऊन मावशीकडे आले. "पेटीत कुजून जाईल. तुमच्याकडं राहू दे. कधी ना कधी परत येऊ."

मावशीनं तो मधल्या खोलीत, दोरीवर, माणूस उभं राहावं तसा टांगला. मुखवटा त्याच्यावर. खिडकीतून उजेड यायचा आणि दिवसभर त्या राखाडी अंगावरून सरकत जायचा. लेकरू नव्हतं त्या दोघांना. काकानं पोशाखाचं नाव पाहुणी ठेवलं. शेतातून आला की दारातूनच विचारायचा, "काय वं पाहुणी, जेवली का?" मावशी म्हणायची, "तिले काय विचारता, मले विचारा." पावसाळा सरला की दोघं मिळून तिला अंगणात आणायची, ऊन दाखवायची, कडुनिंबाचा पाला घडीत घालायची. लग्नाकार्याला आलेले लोक वाट वाकडी करून पाहुणी बघायला यायचे आणि का कोण जाणे, त्या खोलीत हळू बोलायचे. सिनेमावाले काही आले नाहीत. त्यांची वाट बघणंही हळूहळू सुटलं. पाहुणी घरचीच झाली.

एकोणऐंशीच्या भादव्यात काकाला ताप आला. साकोलीच्या दवाखान्यात नेलं, चार दिवस बरा वाटला, आणि गेला. दंडारीतला एवढा मोठा आवाज, जाताना मात्र त्यानं काय म्हटलं ते मावशीला ऐकू आलं नाही. ओठ हलले एवढंच तिनं पाहिलं. पुढे कित्येक दिवस ती आईला विचारत राही, "काय म्हटलं असन वं, बेबी?"

ती रडली नाही. धान कापलं, मळलं, लोकांशी बोलली. सोंगं मागायला माणसं आली तर म्हणाली, "आता काही दिसत नाई जी."

मग एका पहाटे आई आमच्या बांधीकडे निघाली होती. धुकं दाट होतं. समोर पाण्यात तिला सारस दिसला. एकटाच. तो चालत होता, थांबत होता, मान वळवून ऐकत होता. एकटा सारस पाहून आई थबकली. मग तो पक्षी वळला आणि आईला दिसलं की त्याच्या डोळ्यांच्या फटींतून पाणी वाहतंय.

"शकुन?" आई म्हणाली.

पक्षी थांबला. आतून मावशीचा आवाज आला, बांधीच्या तळातून यावा तसा. "इथं रडता येते वं, बेबी. घरी नाई येत."

आई धुऱ्यावर बसून राहिली. मावशी किती वेळ फिरली कोणास ठाऊक. ऊन वर आलं तेव्हा तिनं मुखवटा काढला, चेहरा धुतला, आणि दोघींनी पोशाख दोन बाजूंनी धरून घरी आणला. त्या हिवाळ्यात ती अशी अनेकदा गेली. गावात कोणी बघितलंही असेल. बोललं कोणी नाही.

एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर जीप पुन्हा सानगडीत आली. आनंदरावांचे केस पांढरे झाले होते. त्यांना नवा शेठ मिळाला होता, जुनी रिळं शाबूत होती, सिनेमाचा शेवट तेवढा बाकी होता. पण सत्यवती लग्न करून इंदूरला गेली होती आणि तिनं स्पष्ट नकार दिला होता. "मुखवट्यातली बाई कोणीही चालेल असं वाटलं होतं," आनंदराव ओसरीवर बसून म्हणाले, "नागपूरच्या दोन नाचणाऱ्या मुली घालून पाहिल्या तालमीत. नाचतात छान. सारस नाही होत."

मधुकररावांनी मधल्या खोलीत जाऊन पोशाख पाहिला. खालच्या काठाला चिखलाचा पुसट डाग होता. त्यांनी तो बोटानं चाचपला आणि बाहेर येऊन मावशीकडे बघत राहिले.

आई कुडापलीकडून ऐकत होती. तिच्यानं राहवेना. ती आत आली आणि म्हणाली, "शकुनले लावा. तिले येते."

मावशी संतापली. "काहून बोलली तू? मी काय नाटकवाली आहो का?"

"मंग कायले जात होती पहाटेची?"

मावशी उठून आत गेली. मधुकरराव दाराशी गेले, आत गेले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "शकुनताई, कॅमेरा आत बघणार न्हाई. आत काय हाय ते तुमचं. आमाला फकस्त चालणं द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्वतःच पोशाख घालून तलावाच्या पारीवर येऊन उभी राहिली.

शेवटच्या दृश्यात सारस झालेली नवरी धुक्यात नवऱ्याला हाक मारते. हाक नंतर ध्वनिमुद्रणात घालायची होती. मावशीला फक्त मान वर करायची होती. आनंदरावांनी खूण केली, कॅमेरा आणि आवाज टिपणारं यंत्र सुरू झालं, मावशी चालली. पाणी घोट्याएवढं, धुकं कमरेएवढं. ती थांबली. मान वर केली. आणि तिनं खरंच हाक मारली. पक्ष्याची नाही, बाईचीही नाही. धुऱ्यावर उभ्या असलेल्या आमच्यातल्या कोणालाच ती कशी होती ते सांगता येत नाही. मी तेव्हा आईच्या पदराला धरून होते, मला फक्त आईचा हात घट्ट झालेला आठवतो. हाक तलावावरून गेली, पलीकडच्या झाडांपर्यंत. उत्तर आलं नाही. ती वाट बघत उभी राहिली. मग जसं कोणी सावकाश घरी निघावं तशी वळली आणि धुक्यात शिरली, दिसेनाशी होईपर्यंत. आनंदराव थांबा म्हणायलाच विसरले. तिला शोधायला लोक गेले तेव्हा ती पलीकडच्या धुऱ्यावर बसली होती, मुखवटा मांडीवर, आणि चेहरा असा मोकळा की पुष्कळ झोपून उठल्यासारखा.

"हाक ठीक लागली का जी?" तिनं विचारलं.

आनंदरावांनी ती हाक सिनेमात तशीच ठेवली. साकोलीला तंबूच्या टॉकीजमध्ये सिनेमा लागला तेव्हा आई आणि मावशी बसनं गेल्या. पडद्यावर सत्यवती आली, मग सारस आला. कुठे सत्यवती चालते आणि कुठे आपण, हे मावशीला ओळखू येईना. बांधी तीच, पाठ तीच. ती आईला म्हणाली, "मी केव्हापासून हिंडून राहिली वं तिथं?" शेवटची हाक आली तेव्हा तंबूतलं एक तान्हं दचकून रडू लागलं, आणि बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. त्यातल्या एकीनंही मागे वळून मावशीकडे पाहिलं नाही. बाहेर आल्यावर तिनं दोन पेरू घेतले आणि बसमध्ये खिडकीशी बसून सावकाश खाल्ले.

पाहुणी सिनेमावाल्यांबरोबर गेली होती. मधली खोली मोकळी झाली आणि मावशीनं तिथे धानाची कणगी ठेवली. तिला पुन्हा सोंगं दिसू लागली. सगळ्यात आधी दिसला तो एक म्हातारा, मिश्कील वाघ. सानगडीच्या दंडारीत तो फार वर्षं नाचला.

त्र्याऐंशीत मधुकररावांनी निरोप पाठवला. त्यांचे डोळे अधू झाले होते, कपडेपटात विश्वासाचं माणूस हवं होतं. गावानं डोक्याला हात लावला. चाळिशी उलटलेली बाई, एकटी, एवढ्या लांब! मावशीनं शेती दिराला कसायला दिली आणि नागपुराहून कोल्हापूरची गाडी पकडली. तिथे मधुकररावांच्या बायकोनं तिला घरात ठेवून घेतलं. चार वर्षं राहिली. देवांचे मुकुट केले, माकडांची तोंडं केली, एका सिनेमासाठी दोन माणसांनी आत शिरून चालवायचा पांढरा घोडा केला. मधुकरराव बोटांनी चाचपून सांगायचे, इथं जाड झालंय, इथं श्वास कोंडेल. ते गेल्यावर मात्र तिला तिथे करमेना. सत्त्याऐंशीत, ऐन रोवण्याच्या तोंडावर, ती सानगडीला परत आली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या बांधीत चिखलात उतरली.

आम्ही बायकापोरी ओळीनं वाकून परे, धानाची रोपं, लावत होतो. आभाळ भरून आलेलं, पाण्यात आमच्याच सावल्या. कोणी गाणं म्हणेना, सगळ्यांना कोल्हापूर ऐकायचं होतं. आईनं विचारलं, "सिनेमातले राजे लोक लय भारी कपडे घालत असतीन नाई वं, शकुन?"

"अंगरखा भारी," मावशी हात न थांबवता म्हणाली. "मोत्याचे हार, शिरपेच, कमरेले तलवार. अन् खाली पट्ट्यापट्ट्याचा पायजामा."

"काहून?"

"कॅमेरा कमरेवरचंच पाहे. गर्मी किती होते तिथं! राजा सिंहासनावर बसे, पायजामा वर करे, अन् पाय पाण्याच्या बादलीत. तसाच बसून प्रधानाले फाशी देऊन राहिला."

आधी आई हसली, मग तिच्या शेजारची, मग सगळी ओळ. हसता हसता माझ्या हातातली जुडी पाण्यात पडली. रोपं वाकडीतिकडी लागू लागली, कोणाचं पाऊल कोणाच्या ओळीत. धुऱ्यावरून बाबा ओरडत होते, "अवं, ओळ सरळ धरा!" आणि मावशी चिखलाचा हात कमरेवर ठेवून, तोंड गंभीर करून, आम्हांला राजा कसा बसायचा ते दाखवत होती.